पाणी कुठं गेलं

सॅमसन नानांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका ट्रकच्या बोनेटमध्ये कमरेपर्यंत घुसले होते आणि आतून कुणाला तरी झापत होते. "तुला काय कमी केलं गो मी? तेल वेळेवर, पाणी वेळेवर. मग ही थेरं कशाला?" मी वाकून पाहिलं, तर आत कुणीच नव्हतं. माझ्यामागं उभा असलेला रुमानियन फोरमन हिब्रूत म्हणाला, "तो असाच बोलतो. तू स्टोअरची किल्ली घे आणि कामाला लाग."

ते १९६२ साल होतं. आम्ही यहुदी, ठाण्याहून इकडं आलो आणि सरकारनं आम्हाला वाळवंटातल्या मित्स्पे रामोनला नेऊन सोडलं. माझ्या नवऱ्याला तिथल्या शाळेत गणित शिकवायचं काम मिळालं. मला टायपिंग येत होतं आणि इंग्रजी वाचता येत होतं, तेवढ्यावर खाणीच्या कंपनीनं मला वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये बसवलं. स्पेअर पार्टच्या खोक्यांवर सगळं इंग्रजीत लिहिलेलं असे. गाव म्हणजे भल्यामोठ्या खोल दरीच्या काठावर मांडलेल्या घरांच्या चार ओळी. खाली दरीत खाणी, वर वारा. आमच्या हिंदी, म्हणजे भारतातून आलेल्यांच्या, घरांत पुरुष मोजून बारा-तेरा निघत, म्हणजे प्रार्थनेला लागतात तेवढे दहा कसेबसे जमत. प्रार्थनाघर म्हणजे पत्र्याची एक लांबट शेड होती. जुनी माणसं मुंबईच्या सवयीनं तिला 'मशीद' म्हणत आणि शेजारचे मोरोक्कन ते ऐकून दचकत.

नाना मूळचे अलिबागकडचे. मुंबईत एका बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये त्यांची हयात गेली. बायको तिकडंच वारली, मूलबाळ नव्हतं. ठेंगणा बांधा, खाकी हाफपँट, डोक्यावर ग्रीसनं काळी झालेली टोपी. हिब्रूचे शब्द त्यांना चार-पाचच यायचे आणि तेही ते रागावले की वापरत. बाकी सगळ्यांशी मराठी. मोरोक्कन ड्रायव्हर हिब्रूत काही तक्रार करायचा, नाना मराठीत सांगायचे, "अरे बाबा, क्लचवर पाय ठेवून झोपतोस तू, मग तो जळणार नाय तर काय." तो मान डोलवून जायचा आणि खरंच पाय उचलायला शिकायचा. मी उल्पानात, म्हणजे नव्यानं आलेल्यांच्या हिब्रूच्या वर्गात, सहा महिने घासून हिब्रू शिकले होते आणि माझं बोलणं मात्र कुणाला कळायचं नाही.

त्यांची इंजिन उघडायची एक रीत होती. आधी जमिनीवर एक पांढरी चादर घालायची. जो भाग पहिल्यांदा निघेल तो डाव्या कोपऱ्यात, मग त्याच्या शेजारी दुसरा, असं ओळीनं. ती मांडणी कुणी ओलांडायची नाही. लहान मुलाला ओलांडलं की त्याची वाढ खुंटते म्हणतात ना, तसं ते इंजिनाचं मानत. फोरमन पहिल्यांदा हसला, पण पुढं तोसुद्धा वळसा घालून जायला लागला. इंजिन परत बांधून झालं की नाना हात धुवायचे, एलियाहू हन्नाबी या आमच्या प्रेषिताचं नाव घ्यायचे आणि मगच स्विचला हात लावायचे. एकदा एका ड्रायव्हरनं घाईघाईत त्यांच्या आधी किल्ली फिरवली. इंजिन झकास चालू झालं, पण नानांनी ते बंद करायला लावलं, नाव घेतलं, आणि मग पुन्हा चालू केलं. मी म्हटलं, "नाना, नबीला काय कळणार आहे आधी की नंतर?" तर म्हणाले, "त्याला नाय गो. मला कळतं."

"गाडी मेली" असं त्यांच्यापुढं म्हणायची सोय नव्हती. "गाडी मरत नाय, तिला कोणीतरी मारतो. कोण ते उघडल्यावर कळेल," असं म्हणून ते चादर काढत. आणि कळायचंच. कुणी तेल बघितलेलं नसायचं, कुणी घाटात गिअर न टाकता गाडी सोडलेली असायची. नाना त्या ड्रायव्हरला बोलावून तो भाग हातात द्यायचे आणि काही न बोलता त्याच्याकडं बघत राहायचे. लोक म्हणायचे, त्यापेक्षा शिव्या परवडल्या.

एझ्रा हा त्यांचा जीव की प्राण. एझ्राचे वडील नानांबरोबर डेपोत होते आणि लवकर गेले. नानांनीच त्याच्या आईला, हन्नामावशींना, आणि एझ्राला इकडं यायला लावलं, एझ्राला ट्रक शिकवला, कंपनीत चिकटवला. एझ्रा पंचविशीचा, उंच, सारखा शीळ घालणारा. नाना मराठीत विचारायचे आणि तो हिब्रूत उत्तर द्यायचा, आणि दोघांचं छान चालायचं. नानांचे आजोबा तेलाचा घाणा चालवत. आमच्या लोकांना कोकणात शनवार तेलीच म्हणत, शनिवारी घाणा बंद ठेवणारे. त्या आजोबांचं एक वाक्य नानांनी एझ्राच्या डोक्यात पक्कं बसवलं होतं. आधी बैलाला पाणी, मग तेल्याला. दरीत उतरण्याआधी नाना दर वेळी विचारायचे, "आधी कोण?" एझ्रा रेडिएटरवर थाप मारून म्हणायचा, "बैल." मग बोनेट लावायचा.

मी आले त्याच वर्षी एझ्राचं एका रुमानियन मुलीशी जमलं. पोरगी चांगली, दवाखान्यात काम करणारी. हन्नामावशींनी तिला पुरणपोळी शिकवायलाही घेतली. पण लग्न नोंदवायला गेले, तेव्हा धर्मगुरूंच्या कचेरीत एझ्राच्या आईची चौकशी सुरू झाली. आईची आई कोण, तिची आई कोण, त्या यहुदी होत्या याला पुरावा काय. त्या दिवसांत आमच्या सगळ्याच लोकांना हे भोगावं लागलं, पुढं मोठी भांडणं झाली आणि ते मिटलं. पण तेव्हा ते मिटेल असं कुणाला वाटत नव्हतं. हन्नामावशी महिनाभर कुणाशी धड बोलल्या नाहीत. एवढ्या वयाच्या बाईला तू खरी आहेस का, असं विचारलं तर तिनं काय करावं? मला आजही ते आठवलं की संताप येतो.

नानांनी मात्र हे आपल्या अंगावर घेतलं. ते स्टोअरच्या काउंटरशी येऊन म्हणाले, "फ्लोरा, आजीच्या आजीचे कागद मी कुठनं आणू? कोकणात तेव्हा कागद होते की काय. पण शब्बाथ तर दाखवता येतो ना. उद्या कोणी विचारायला आलं तर सगळं गाव सांगेल, की ही माणसं कशी राहतात." तेव्हापासून ते शब्बाथच्या, म्हणजे शुक्रवारी सूर्य बुडल्यापासून शनिवारी रात्रीपर्यंत सगळं काम बंद ठेवायच्या, बाबतीत इतके कडक झाले की आम्हाला त्यांची धास्ती वाटे. मुंबईत डेपोत शनिवारीसुद्धा ड्यूटी केलेला माणूस हा. आता शुक्रवारी दुपारीच पाने धुऊन कपाटात बंद व्हायचे, आणि सूर्य टेकला की ते वर्कशॉपकडं पाठ करून उभे राहायचे. एझ्राला तर शीळ घालायलाही बंदी. "तुझं लग्न व्हायचंय," ते म्हणायचे. "लोक बघतायत."

तो हिवाळा असा गेला. उन्हाळ्यात, भर उकाड्याच्या दिवसांत, एझ्राची गाडी दरीत बंद पडली.

एरवी गाड्या जोडीनं जात. त्या दिवशी दुसरी गाडी दुरुस्तीला होती आणि पाइप लगेच हवे होते, म्हणून तो एकटाच गेला. रात्री परत आला नाही. सकाळी शोधायला गेलेल्यांना आधी ट्रक सापडला आणि मग पुष्कळ पुढं, हमरस्त्याकडं चढणाऱ्या वाटेवर, एझ्रा सापडला. उन्हानं आणि तहानेनं गेला होता. ट्रकमध्ये पिण्याच्या पाण्याचा डबा होता, पूर्ण रिकामा, झाकण नीट लावलेला. रेडिएटरही कोरडा ठणठणीत.

आणि मग गावानं आपला निकाल दिला. हिंदी लोकांना वाळवंट काय कळतंय, पोरगा पाणी न घेताच गेला. कंपनीच्या कागदावरही तसंच काहीतरी लिहिलं गेलं. दुष्टपणानं कुणी म्हणत नव्हतं, हे मला मान्य आहे. कळवळ्यानं म्हणत होते, आणि तेच जास्त लागत होतं.

हन्नामावशी सांगत होत्या, डबा मी स्वतः भरला. पहिले काही दिवस त्या ठामपणे सांगत. मग त्यांचा आवाज बसत गेला. त्या माझ्याकडं यायच्या आणि दारातूनच विचारायच्या, "फ्लोरा, मी भरला होता ना गो? नळाखाली धरलेला मला आठवतो. पण तो आदल्या दिवशीचा असंल तर?" मी काय सांगणार? मी तिथं नव्हते. मी म्हणायचे, मावशी, तुम्ही भरलाच असणार. त्या मान हलवायच्या आणि दुसऱ्या दिवशी परत तेच विचारायला यायच्या. स्वतःच्या हातांवरचा विश्वास उडालेलं माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. ते बघवत नाही.

एझ्राला वडील नाहीत, भाऊ नाही. कद्दीश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणायला कुणी नव्हतं. नानांनी ते पहिल्या दिवसापासून घेतलं. वर्षभर रोज दहा माणसांत उभं राहून म्हणायचं असतं ते. सकाळ-संध्याकाळ ते पत्र्याच्या शेडमध्ये जायचे. बाकी वेळ त्यांनी ट्रककडं पाहिलंसुद्धा नाही. तो ओढून आणला होता आणि वर्कशॉपच्या मागं तसाच उभा होता.

शोकाचे दिवस सरल्यावर एका सकाळी ते आले आणि म्हणाले, "फ्लोरा, चादर काढ. पाणी कुठं गेलं ते बघू या."

फोरमन म्हणाला, इंजिन जाम झालंय, भंगारात घालू. नाना ऐकेनात. फोरमन भला माणूस होता, त्यालाही एझ्रा आवडायचा. त्यानं मला स्टोअर बंद करून नानांच्या हाताखाली उभं राहायला सांगितलं.

आधी त्यांनी तेल काढायला घेतलं. ऑइलच्या चेंबरखाली माझ्या घरचं पांढरं इनॅमलचं घमेलं ठेवलं आणि बोल्ट सैल केला. मला वाटलं काळं तेल येईल. आलं ते पाणी. गढूळ, तांबूस, पण पाणीच. ते येतच राहिलं, घमेल्याचा तळ झाकला, वर चढलं, आणि त्याच्यानंतर मग तेल आलं, पांढुरकं, साईसारखं झालेलं. तेल पाण्यावर तरंगतं, म्हणून खाली बसलेलं पाणी आधी बाहेर येतं, एवढं मला शाळेतलं कळत होतं. पण एवढं पाणी इंजिनाच्या तेलात कसं?

नाना गुडघ्यांवर बसून त्या घमेल्याकडं बघत होते. मग म्हणाले, "डबा भरलेला होता."

मला कळलं नाही. त्यांनी समजावून सांगितलं, अगदी हळू. गाडी तापली, पाणी कमी झालं. एझ्रानं रेडिएटरमध्ये पाणी घातलं. ते कुठूनतरी आतल्या आत तेलात गळून गेलं. गाडी परत तापली, त्यानं परत घातलं. असं करत डबा संपेपर्यंत. रेडिएटर कोरडा, डबा कोरडा, आणि पाणी इथं. "काय वाफ झालं असंल. उरलं ते हे."

ते एझ्राच्या पिण्याचं पाणी होतं. माझ्या घमेल्यात. मी तिथून उठून स्टोअरमागं गेले आणि भिंतीला टेकून रडले. परत आले तेव्हा नाना तसेच बसलेले होते. म्हणाले, "हन्नावहिनीला बोलाव."

हन्नामावशी आल्या. नानांनी त्यांना सगळं सांगितलं. त्या घमेल्यापाशी बसल्या, पाण्यात बोट बुडवलं, बोटाला लागलेल्या तेलाकडं बघितलं.

"म्हणजे मी भरला होता," त्या म्हणाल्या.

"काठोकाठ, वहिनी."

"आणि त्यानं नाय प्यायलं."

मावशींनी पदरानं बोट पुसलं आणि त्या पहिल्यांदा मोकळ्या रडल्या. घरी पोचवताना त्यांनी माझा हात घट्ट धरला होता आणि सारखं म्हणत होत्या, भरला होता गो, भरला होता. इतक्या दुःखातही त्यांच्या जिवावरचा एक धोंडा उतरला होता. संध्याकाळपर्यंत फोरमननं ती गोष्ट गावभर केली आणि कंपनीच्या कागदावरची ओळ बदलायचं कबूल केलं. हेडखालचं पॅकिंग, म्हणजे गॅस्केट, जळालं असेल, असं लिहू म्हणाला. जुन्या गाड्यांची गॅस्केटं जळतात, कुणाचाच दोष नाही.

इथं थांबता आलं असतं. एझ्राचं नाव धुऊन निघालं होतं, मावशींना त्यांचं उत्तर मिळालं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघते तर नानांची चादर अंथरलेली आणि ते हेडचे बोल्ट काढत होते.

"नाना, आता कशाला?"

"पाणी कुठनं आत गेलं ते बघितल्याबिगर झाकायचं नाय."

हेड निघालं. गॅस्केट चांगलं होतं, कुठं जळल्याचा डाग नाही. पिस्टन मात्र सिलिंडरच्या भिंतीला घासून खरवडून निघाले होते. वॉटर पंप ठीक, पट्टा ठीक, होस ठीक. एकेक भाग तपासून चादरीवर ठेवताना नाना "हा नाय" म्हणायचे. नेहमी त्यांना असं म्हणताना उत्साह यायचा, चोर जवळ आल्यासारखा. त्या दिवशी प्रत्येक 'हा नाय'बरोबर त्यांचा चेहरा उतरत होता. मला ते कळत नव्हतं. आता वाटतं, त्यांना वाट आधीच दिसली होती आणि ते दुसरी कुठली वाट आहे का, ते शोधत होते.

शेवटी नुसता ब्लॉक, इंजिनाचं लोखंडी धड, राहिला. त्यांनी तो धुतला, रॉकेल लावलं, पुसून कोरडा केला. मग माझ्या नवऱ्याच्या शाळेतला खडू कुटून त्याची पूड फुंकली. लोखंडाला बारीक चीर असेल तर तिच्यात शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या पुडीवर ओली रेघ उमटते. आम्ही वाट बघत बसलो. बाजूला, टॅपेटच्या झाकणाआडच्या भिंतीवर, जिच्या एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला तेल असतं, अगदी खालच्या अंगाला, एक रेघ उमटली. वीतभर लांब, केसासारखी. बाहेरून ती कधी दिसलीच नसती.

नानांनी नखानं ती खरवडली. आतून तांबडा गंज निघाला.

"जुनी आहे," मी म्हटलं. तेवढं मलाही कळत होतं, ताज्या चिरेला गंज कुठून येणार.

"गेल्या हिवाळ्याची," ते म्हणाले. "उन्हानं चीर पडली तर वर पडते, आगीजवळ. ही खाली आहे, पाणी साचून राहतं तिथं. ही बर्फानं पडली."

मित्स्पे रामोनला हिवाळ्यात रात्री पाणी गोठायचं. त्यामुळं संध्याकाळी गाड्या आल्या की रेडिएटर आणि ब्लॉकखालचे कॉक, म्हणजे तोट्या, उघडून सगळं पाणी काढून टाकायचं आणि सकाळी नवं भरायचं, हा तिथला नियमच होता. फोरमननं पहिल्याच हिवाळ्यात तो सगळ्यांना सांगितला होता. नाना पाळायचे, पण अलिबागच्या माणसाला पाणी गोठून फुगतं आणि लोखंड फोडतं हे ऐकून कळलं तरी पटायचं कुठून? आमच्याकडं पाण्यानं फार तर गंज चढतो.

चादरीच्या कडेला बसून त्यांनी मला तो शुक्रवार सांगितला. टायर फुटला म्हणून एझ्राला यायला उशीर झाला होता. सूर्य बुडाला होता. लोक पांढरे सदरे घालून मशिदीकडं चालले होते, त्यांत लग्नाच्या कचेरीत ओळख असलेला एक म्हाताराही होता. एझ्रा गाडीखाली वाकला, कॉकवर हात ठेवून त्यानं विचारलं, "नाना, पाणी काढू?" नाना म्हणाले, "आता नको. शब्बाथ लागला. लोक बघतायत. एका रात्रीनं काय होतंय?" मग घरी जाऊन त्यांनी बायकोच्या हातची गोधडी आणली आणि बोनेटवर घातली.

"गोधडी घातली मी इंजिनाला, फ्लोरा," ते म्हणाले. "पोराला घालावी तशी."

शनिवारी शब्बाथ सुटल्यावर ते गाडीपाशी गेले तेव्हा रेडिएटरमध्ये बर्फ होता. त्यांनी कोमट पाणी ओतलं, गाडी चालू झाली, बाहेर कुठं गळती नाही. बरं झालं, वाचलो, असं वाटलं त्यांना. वसंतात एझ्रा एकदा म्हणाला होता, गाडी जरा पाणी पिते. नानांनी रेडिएटरचं झाकण बदलून दिलं. गंजानं ती चीर जेमतेम धरून ठेवली होती, ती भर उन्हात, ओझ्याखाली उघडली. गाडीला कुणी मारलं ते नानांच्या हातात होतं आणि बघायला समोर दुसरं कुणी नव्हतं.

मी म्हटलं, नाना, तुम्हाला काय माहीत होतं. मी म्हटलं, तुम्ही त्याच्याच लग्नासाठी केलंत. खरं तेच होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

संध्याकाळी धुतलेला सदरा घालून ते माझ्या दारात आले. "वहिनीकडं चल. माझ्या तोंडातनं निघालं नाय, तर तू सांग."

सांगायची वेळ माझ्यावर आली नाही. हन्नामावशींनी चहा ठेवला होता. नाना खुर्चीच्या कडेवर बसून सगळं बोलले, चीर, तो शुक्रवार, गोधडी. शेवटी म्हणाले, "आणि आधी बैलाला पाजायचं, ते पण मीच शिकवलं. तो माझं ऐकून मेला, वहिनी. दोन्ही वेळा माझंच ऐकलंन." चहावर साय धरली. मावशी त्यांच्याकडं बघत होत्या, पण राग आहे की काय आहे ते मला चेहऱ्यावरून कळेना. मग नानांनी विचारलं, "कद्दीश मी म्हणतोय. मी म्हणू की नको, ते तुम्ही सांगा. नको म्हणालात तर कोणा दुसऱ्याच्या पाया पडतो."

मावशी उठून आत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

नाना कद्दीश म्हणत राहिले, पण परवानगी नसलेल्या माणसासारखे. शेडमध्ये पुढं उभे राहायचे ते मागं दारापाशी जाऊन उभे राहायला लागले. आवाज इतका बारीक, की बाकीच्यांना आमेन कुठं म्हणायचं ते कळायचं नाही. बोलणं तर पार आटलं, इंजिनांशीसुद्धा. मी स्टोअरमधून पाना द्यायचे, ते घेऊन जायचे. मला ते ट्रकला झापणं ऐकायचं होतं आणि ते पुन्हा कधी ऐकू आलं नाही. मावशी रस्त्यात दिसल्या की ते बाजूला उभे राहायचे. त्या मान खाली घालून निघून जायच्या. रुमानियन मुलगी हैफाला निघून गेली. कचेरीचा जबाब पुढं आला की नाही, कोण जाणे. विचारायला कुणी उरलं नव्हतं.

हिवाळा लागला आणि नाना शुक्रवारचे शेडमध्ये दिसेनासे झाले. खाणीचं काम वाढलं होतं, गाड्या सूर्य बुडताना आणि त्यानंतरही यायच्या. पाणी मी काढतो, असं चौकीदार सांगून थकला. नानांना त्याचा भरवसा नव्हता, कुणाचाच नव्हता. सगळं गाव पांढऱ्या सदऱ्यात प्रार्थनेला जायचं आणि त्याच रस्त्यानं उलट्या दिशेनं हा शनवार तेल्याचा नातू बादली घेऊन वर्कशॉपकडं जायचा, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. कुणीतरी एकदा "नाना, शब्बाथ" म्हणालं. नाना "हो" म्हणाले आणि चालू लागले. दर आठवड्याला त्या एका संध्याकाळी एझ्राचं कद्दीश चुकायचं.

चौसष्ट सालच्या सुरुवातीचा एक शुक्रवार. आमची बदली ठरली होती, मी सामान बांधत होते, तरी प्रार्थनेला गेले. झोंबरा वारा सुटला होता. पुरुष शेडबाहेर हात चोळत उभे. एक आजारी होता, एक बेरशेबाला गेलेला, आणि दहावा माणूस कुठून मिळेना. दहा झाल्याशिवाय कद्दीश नाही, कुणाचंच नाही. आम्ही बायका कडेला उभ्या होतो. हन्नामावशींनी दोनदा पुरुषांकडं पाहिलं, मग शाल डोक्यावरून घेतली आणि तरातरा वर्कशॉपच्या रस्त्याला लागल्या. मला भीती वाटली म्हणून मी मागून गेले.

नाना एका ट्रकखाली गुडघे टेकून होते. कॉकमधून पाणी वाहत होतं आणि त्याची वाफ येत होती. त्यांनी कोट काढून मडगार्डवर टाकला होता. मावशींना बघून ते उठायला लागले आणि डोकं ट्रकला आपटलं.

"तिकडं नऊच आहेत," मावशी म्हणाल्या. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच त्या त्यांच्याशी बोलत होत्या.

"तीन गाड्या राहिल्यात, वहिनी."

"कुठल्या?"

नानांनी हातानं दाखवल्या. मावशींनी शालीची टोकं मागं बांधली, त्यांच्या हातातली बादली घेतली आणि थंड जमिनीवर गुडघे टेकले. उभ्या आयुष्यात त्या बाईनं शब्बाथला काडी ओढली नव्हती.

"कॉक कुठल्या बाजूला फिरवायचा तेवढं दाखवा."

नानांनी दाखवलं. "सुरुवातीला गरम येतं. हात जपा. आणि बारीक झालं तरी लगेच बंद करू नका, तळाचं पाणी उशिरा येतं."

"मी थेंब ठेवणार नाय," मावशी म्हणाल्या. "तुम्ही जा. एझ्राला ताटकळत ठेवू नका."

नाना ट्रकखालून बाहेर आले. मग वळले आणि चालू लागले, आणि पुढं धावायलाच लागले, त्या वयात, कोटाशिवाय, कोपरापर्यंत ओले हात अंगापासून दूर धरून. कोट द्यायला मी हाक मारली, पण त्यांना ऐकू गेली नाही. यानंतर मी त्यांना परत पाहिलं नाही. आम्ही त्याच आठवड्यात रामल्याला आलो.

मी आणि मावशी मागं राहिलो. दुसऱ्या ट्रकचं पाणी निम्मं झालं असेल तेव्हा वाऱ्यावरून आवाज आला. नानाच म्हणत होते, पहिल्यासारखं, मोठ्यानं, शेडच्या पुढून. हन्नामावशींनी कॉकखालचा हात काढला नाही. जिथं जिथं म्हणायचं तिथं तिथं त्या ट्रकखालून आमेन म्हणत राहिल्या.